मी कावीळ सांगितली

आधीच सांगून टाकते, मला टीबी झाला होता. कावीळ नाही, निमोनिया नाही, उष्णता नाही. टीबी. हे एवढंसं वाक्य चारचौघांत बोलायला मला साडेचार महिने लागले, आणि तेवढ्या वेळात मी जे काही करून बसले ते वाचून तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल. मारा. मी अजून अधूनमधून मारते.

मी आमगावात शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. चोवीस वर्षं झाली. घरात नवरा, तो राइस मिलमध्ये ऑपरेटर आहे, आणि सासूबाई. एकुलती एक मुलगी पायल, तिला देवरीला दिली आहे. आमच्या आशाताई, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या आशा कार्यकर्त्या, मला म्हणाल्या, ‘ताई, तुमी लिहा. तुमच्यासारख्या आणखी असतीन.’ असतील काय, आहेतच. त्यांच्यासाठी हे.

दोन डब्या

दिवाळीनंतर खोकला लागला. मी म्हटलं, कापडाची धूळ. नवरा म्हणाला, मिलचा कोंडा माझ्या कपड्यांतून घरात येते, त्याचा असन. सासूबाईंनी अडुळशाचा काढा सुरू केला. असा महिना गेला. खोकला तिथंच, मीच कमी होत चालले. एक दिवस सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘दुसऱ्याइचे ब्लाऊज टाइट करून राहिली अन् स्वतःचा खांद्यावरून उतरून राहिला, थे दिसत नाही का तुले?’

सरकारी दवाखान्यात दोन छोट्या डब्या दिल्या, थुंकीसाठी. तिसऱ्या दिवशी बोलावलं. डॉक्टर मॅडम माझ्या पायलएवढी असेल. कागद बघून, किती वाजले ते सांगावं तशी म्हणाली, ‘टीबी आहे.’

‘मॅडम, नाव एकदा पाहून घ्या. दुसऱ्या कोणाचा असेल.’

‘कुंदाबाई तुम्हीच ना?’

‘मीच. पण आमच्या घरात रोज फिनाईलनं पुसतात.’

ती हसली नाही. सहा महिने औषध, रोज, एकही दिवस चुकवायचा नाही, असं म्हणाली. पुढं ती बरंच बोलत होती, पण मी काही ऐकलं असेल तर शपथ. मी पदराखाली बोटं मोजत होते. पायलला पाचवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात आणायची, कारण आठव्यात आमच्याकडे कोणी पोरीला घरातून हलवत नाही. म्हणजे माझ्या हातात दोन महिने.

‘दोन महिन्यांनी मुलगी बाळंतपणाला यायची आहे,’ मी तिला मध्येच तोडून म्हटलं. ‘चालेल का?’

‘दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासू. साफ आली तर खुशाल आणा.’

बसलं! बरोबर मापात बसलं. शिलाईला इंचभर मार्जिन नव्हतं, पण बसलं. त्या आनंदात मी उरलेलं सगळं तिथंच टेबलावर सोडून आले. नवऱ्याला विचारावं तर तो त्या वेळी बाहेर गाडी लावत होता. आमच्या घरात महत्त्वाचं काही सुरू असलं की हा माणूस गाडी लावत असतो.

घरी आल्यावर तिघांनी दार लावून ठरवलं, लोकांना निमोनिया सांगायचा. टीबीवालीच्या हातचा ब्लाऊज कोण अंगात घालेल? पायलला मात्र फोनवर खरं सांगितलं आणि बजावलं, ‘सासरी बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला.’ ती रडली. मग म्हणाली, ‘नाही सांगत.’

लाल गोळ्या

सकाळी उपाशीपोटी गोळ्या. त्या पोटात गेल्या की तासभर मी कोणाची नाही. मळमळ, चक्कर, तोंडाला कडवट पाणी. अंडी खा म्हणून सांगितलेलं, तर अंड्याचा वासच सोसेना. माझं ताट, माझा पेला मीच वेगळा काढला. कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना त्याचाच राग यायचा. ‘आमी का वाळीत टाकलो का तुले? कायले कोपऱ्यात बसून जेवून राहिली?’ असं म्हणून त्या स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसायच्या, आणि मी त्यांना ‘लांब बसा, लांब बसा’ म्हणून ओरडायची. रोज दोन्ही वेळा हाच तमाशा.

आशाताई दर आठवड्याला येऊन रिकाम्या स्ट्रिप मोजायच्या आणि वहीत टिक करायच्या. शेजारची विचारायची, ‘ही काऊन येते हो तुमच्याकडं?’ मी सांगायची, ‘ब्लाऊज शिवायला टाकते.’ एवढे ब्लाऊज त्या बाईनं जन्मात घातले नसतील.

आणि लघवीचा रंग. पहिल्या दिवसापासून लालसर-नारिंगी. मी म्हटलं, उष्णता. धण्याचं पाणी पिऊन पाहिलं, सब्जा झाला, काही फरक नाही. पाचव्या आठवड्यात उलट्या वाढल्या. एक दिवस मी डोळे पुसून रुमाल टाकला तो सासूबाईंनी धुवायला उचलला. पांढऱ्या रुमालावर पिवळट डाग.

‘अवो बाई! तुले तं कावीळ झाली!’

मी रुमालाकडे बघितलं. मळमळ आहे, अन्नावर वासना नाही, लघवीला रंग, रुमालाला रंग. अजून काय पाहिजे? मला तर पटलंच.

माळ

आमगावपासून दोन कोसांवर एका गावात एक म्हातारबा कावीळ उतरवतात. रविवारी सकाळी गेलो तर रांग दवाखान्यापेक्षा मोठी. आमचा नंबर आला. त्यांनी माझ्या हातांना कसलासा पाला चोळला, वरून चुन्याची निवळी ओतली. खालच्या परातीत पाणी हळदीसारखं पिवळं.

‘पाहा, किती निघून राहिली,’ म्हातारबा म्हणाले. मग काड्यांची एक छोटी माळ माझ्या डोक्यावर टेकवली. ही आपोआप वाढेल, गळ्यात येईल, पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. ‘अन् इंग्रजी दवा चालू असन तं बंद करा. दोन दवा आपसात भांडतात.’

आता खरं सांगते, कारण खरं सांगायलाच बसले आहे. मला आनंद झाला. कावीळ हा इज्जतीचा आजार आहे हो. कावीळवालीकडे लोक उसाचा रस घेऊन येतात, बाजेवर बसतात, चहा पितात. मी दुसऱ्याच दिवशी गल्लीत सांगून टाकलं, निमोनिया बरा झाला, आता कावीळ आहे. दवाखान्यातून दिलेला मास्क काढून फेकला. बाया आल्या, कोणाच्या मावशीची कावीळ, कोणाच्या दिराची कावीळ, सगळ्या कथा झाल्या. कितीतरी दिवसांनी घरात माणसं बसली होती. गोळ्या बंद केल्यामुळं मळमळही थांबली, म्हणजे म्हातारबाचा गुण आला, हेही नक्की झालं. पायललाही फोनवर हेच सांगितलं.

गोळ्यांचं काय? आशाताई स्ट्रिप मोजणार. म्हणून रोज सकाळी स्ट्रिपमधून गोळ्या काढायच्या आणि बटणांच्या डब्यात टाकायच्या. स्ट्रिप रिकामी, टिक पूर्ण. माझ्या हुशारीची कमाल बघा.

आणि ती माळ मी टेपनं मोजायची. खरंच मोजायची! पहिल्या आठवड्यात चार इंच वाढली, दुसऱ्यात आणखी पाच. सासूबाईंना बोलावून दाखवायची. चोवीस वर्षं दोऱ्यात हात असलेली बाई मी, ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या की त्यांच्यावरचा दोरा सैल पडतो, एवढं मला कळू नये? कोणी गिऱ्हाइकानं असा दोरा सुटलेला ब्लाऊज परत आणला असता तर मी एका नजरेत सांगितलं असतं.

देवरीचा फोन

माळ छातीपर्यंत आली होती तेव्हा विहीणबाईंचा, म्हणजे पायलच्या सासूचा, फोन आला. बाई सरळ आहे. नमस्कार-चमत्कार काही नाही.

‘कावीळ झाली म्हणे तुमाले?’

‘हो जी, पण उतरून राहिली आता. माळ छातीवर आली.’

‘मंग पायलले मी नाही पाठवत. कावीळवाल्या घरात गर्भारणीले कशी पाठवू? माझ्या जावेचं पोटातलं गेलं होतं कावीळनं. बाळंतपण इथंच करू आमी.’

‘अहो पण…’

‘वाईट नका मानू जी.’ फोन बंद.

मी फोन हातात धरून बसले. पहिलं बाळंतपण! मऊ धोतरं धुऊन ठेवलेली, झबली शिवून ठेवलेली, शेकायला बाज बाजूला काढलेली. परत फोन लावून म्हणावं, कावीळ गंभीर नाही, तर ती ऐकणार नाही. म्हणावं, कावीळ नाहीच, तर ती विचारणार, मग काय आहे? काय सांगू? नवरा म्हणाला, ‘खरं सांगून टाक.’ मी म्हटलं, ‘तुम्ही जा, गाडी लावा.’

हे कोणत्या ब्लाऊजचे बटण?

त्यानंतर चार-पाच दिवसांत ताप परत आला. एका लग्नाच्या ब्लाऊजला अस्तर लावत होते, मलई रंगाचं. खोकल्याची उबळ आली, आणि अस्तरावर रक्ताचा ठिपका. शर्टाच्या बटणाएवढा, पण रक्तच. मी तो बघत बसले आणि नेमक्या आशाताई दारात.

‘ताई, एक हूक तुटला माझा, लावून देता का?’ मला खोकल्यानं बोलता येईना. मी हातानंच थांबा म्हटलं. ती बिचारी म्हणाली, ‘राहू द्या, मीच लावतो,’ आणि तिनं हुकांसाठी डबा उघडला. हुकांचा डबा शेजारी होता. तिनं बटणांचा उघडला.

तिनं डबा उजेडाकडे तिरका केला. मग दोन बोटांत एक लाल गोळी धरून म्हणाली, ‘हे कोणत्या ब्लाऊजचे बटण होय, ताई?’

‘तेवीस दिवस झाले,’ म्हणत मी रडायला लागले तर तीच चिडली. ‘रडून का होते? मी दर आठवड्याले टिक मारून राहिली! तुमच्यावर भरवसा ठेवून! तेवीस दिवस?’ आणि चिडता चिडता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज तिची वाटली, डॉक्टरची नाही.

डॉक्टर मॅडमनं माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. ‘पांढरे स्वच्छ आहेत. घरात आरसा नाही का? या गोळ्यांनी लघवी लाल-नारिंगी होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं खिडकीतून गाडीकडे बघितलं.

‘आणि या औषधानं कधी कधी खरी कावीळसुद्धा होते,’ ती म्हणाली. ‘म्हणूनच शंका आली की इथं यायचं, आम्ही रक्त तपासतो. तुम्ही चुन्याकडे कशाला गेलात?’ थुंकीत जंतू भरपूर निघाले. औषधाला ते दाद देतात की नाही, ते मशीनवर बघायला पाठवलं. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. देतात, असं निघालं. पण मोजणी परत पहिल्या दिवसापासून. मास्क परत. आणि ज्या बाया बाजेवर बसून चहा पिऊन गेल्या होत्या त्या सगळ्यांची, घरातल्या दोघांचीही, तपासणी. ती आशाताईंनी काहीतरी शिबिराचं नाव करून करवली. देवाची कृपा, कोणाला काही निघालं नाही.

त्या दिवशी पायलला सातवा लागून आठ दिवस झाले होते.

घरी येऊन मी सासूबाईंवर तुटून पडले. ‘तुमच्यामुळं झालं हे! कावीळ कावीळ करून!’

सासूबाई काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नाहीत. ‘माझ्यामुळं? मी तं अडाणी हाय. टेपनं माळ कोण मोजे वो? अन् गोळ्या डब्यात मी टाकल्या का?’

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या पेल्यात पाणी आणि तळहातावर गोळ्या घेऊन उभ्या. ‘गिळ माझ्यासमोर. तोंड उघडून दाखव.’ त्या दिवसापासून मी रोज तोंड उघडून दाखवलं, जीभ वर करून. पन्नाशीला टेकलेली बाई मी!

पायलला खरं सांगायची मात्र हिंमत झाली नाही. पोटुशी पोर, कशाला जिवाला घोर? एवढंच सांगितलं, काविळीमुळं औषध वाढवलं.

पंखा

नववा लागायला आला तशा सासूबाई माझ्या जागी देवरीला गेल्या. जाताना मी त्यांच्याकडूनही शपथ घेतली, तिथं कावीळच सांगायची. आता एवढं झाल्यावर टीबीचं कुठं काढता?

नवव्याच्या पहिल्याच आठवड्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. त्यांना फोन धरता येत नाही. मला दिसला तो छताचा पंखा, मग त्यांचा अर्धा कान, परत पंखा. ‘दिसली का? दिसली का? कशी लाल हाय पाह्य!’ मी ओरडतेय, ‘आई, फोन खाली करा!’ आणि एकदाच, क्षणभर, एक इवलासा पाय दिसला, बोटं फाकलेली. मग परत पंखा. मी त्या पंख्याकडे बघत हमसून हमसून रडले. रागानं म्हणा, काहीही म्हणा.

पाचव्या दिवशी माझा रिपोर्ट आला. थुंकी साफ. औषध अजून चार महिने घ्यायचं, पण माझ्यापासून आता कोणाला धोका नाही, असं मॅडमनं स्पष्ट सांगितलं. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी पर्समध्ये, आणि बाराव्या दिवशी बारशाला निघाले. उन्हाचे दिवस, बसमध्ये एका बाईच्या टोपलीत मोहफुलं, सगळ्या गाडीला तोच वास. देवरीपर्यंत मी चार वेळा पर्स उघडून कागद बघितला.

कागद

घर बायांनी भरलेलं. सतरंजीवर वीस-पंचवीस जणी. पायल बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेली, जरा सुकलेली. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी पुढं झाले, तर विहीणबाई मध्ये.

‘बसा जी कुंदाबाई. कावीळ पूर्ण उतरली का पण?’

‘उतरली.’

‘डॉक्टरचा कागद असन ना? राग नका येऊ देऊ, बारा दिवसांचं लेकरू हाय.’

आता बघा माझी गंमत. पर्समध्ये कागद होता. पण जो आजार मी कोणाला सांगितला नव्हता, त्याचा. आणि जो आजार गावभर सांगितला होता, त्याचा कागद जगात कुठंच नव्हता, कारण तो आजारच नव्हता. बाळ माझ्यापासून चार हातांवर होतं. सासूबाई कोपऱ्यातून मला डोळ्यांनी खुणा करत होत्या, काहीतरी सांगून वेळ मारून ने म्हणून. पुरे झालं, असं वाटलं. खरंच, शिसारी आली मला माझ्याच खोटेपणाची.

‘विहीणबाई, मला कावीळ झालीच नव्हती,’ मी म्हटलं. ‘मला टीबी आहे. चार महिने औषध अजून बाकी आहे. पण खोकल्यात जंतू नाहीत, हा कागद.’

माझ्या शेजारच्या बाईनं आपलं लेकरू ओढून मांडीवर घेतलं. मी कागद तसाच पुढं धरून उभी. विहीणबाईंनी तो घेतलाही नाही.

‘टीबीचं तं मले माहीत हाय,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘पायलनं सांगतलं होतं. पाचव्यातच. शपथ मोडली म्हणून रडत होती बिचारी. मी म्हटलं, दोन महिने दवा घेऊ दे मायले, मंग खुशाल जाय. माझ्या बापाले होता टीबी. सहा महिने गोळ्या मीच चारल्या त्याले, त्याच्याच ताटाशेजारी जेवून. टीबीले मी नाही भेली, कुंदाबाई. तुमच्या कावीळले भेली.’

मी पायलकडे बघितलं. ‘आई, कावीळ झाली असं तूच तर सांगितलं,’ ती हळूच म्हणाली.

कोपऱ्यातून सासूबाई उसळल्या. ‘अन् मी शपथ पाळून वीस दिवस कावीळ कावीळ करून राहिली इथं!’

कोणीतरी खुदकन हसलं. मला मात्र हसू येईना. माझ्या घरी धुऊन ठेवलेली ती धोतरं, ती बाज, ती झबली डोळ्यांसमोर आली. सातव्यात आली असती पोर. मी तोंड उघडलं असतं तर आली असती. काय बोलायचं आता? कोणाला बोलायचं? मी तशीच कागद धरून उभी राहिले.

‘थो कागद ठेवा पर्समध्ये, अन् हात धुवून या पह्यले,’ विहीणबाई म्हणाल्या. ‘मोरीत साबण हाय.’

मी मोरीत गेले. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, दोनदा. पाणी स्वच्छ वाहून गेलं. पदराला हात पुसत आत आले तर विहीणबाई बाळाला दोन्ही हातांवर घेऊन उभ्याच होत्या.

‘घ्या लवकर,’ त्या म्हणाल्या. ‘हात भरून आले माझे.’